ओळ आणि घर

चिंचोके फोडून बुटाच्या पॉलिशनं काळे केले.
नखांत अजून तो वास आहे.
वरच्या मजल्यावरच्या गजभियेबाई म्हणाल्या,
काय वो मॅडम, अष्टाचंग्याचा क्लास काढता का?
म्हटलं, तसंच समजा.
घरं आहेत, सोंगट्या आहेत,
फक्त इथे कोणी कोणाला मारत नाही.

पुठ्ठा कुलरच्या खोक्याचा.
पाच ओळींचं सूत तांडापेठेतल्या निमजेंनी दिलं,
काठ विणून मागावर उरलेलं.
पैसे घेतले नाहीत, विचारलं मात्र,
"पाचच धागे? पाच धाग्यांत कोणतं कापड होते बाप्पा?"
कमाल चौकापर्यंत उत्तर शोधत आले.
सापडलं नाही.

बाटलीच्या गळ्याची कडी म्हणजे चार मात्रा.
तिला जळकी काडी टेकवली की दोन.
काळा चिंचोका आणि काडी, एक.
त्याहून घाईच्या स्वराला झेंडा लागतो,
तो मी चौदा एप्रिलच्या उरलेल्या पताकांतून कापला,
निळा.
पुस्तकात काळा असतो.
असू दे पुस्तकात.

रविवारी वंदना झाली की विहाराच्या मागच्या खोलीत
तेरा पोरं, पाच प्लास्टिकच्या बासऱ्या,
आणि दाराजवळच्या खुर्चीवर बाबा.

बाबा म्हणजे दमडूजी रामटेके, क्लॅरिनेट,
चाळीस वर्षं वरातीच्या बँडमध्ये, मागच्या रांगेत.
कागद मास्तरकडे असे.
मास्तर कागदाकडे बघे, बाकीचे मास्तरकडे.
वरात मांडवाशी पोचली की कागदाच्या चार घड्या
आणि कोटाच्या आतल्या खिशात.
एकदा बाबांनी मागितला होता, एका रात्रीपुरता.
"तुले कायले पाहिजे? तुहा कान आहे ना."
कान होता.
खरंच होता, म्हणूनच काही बोलता आलं नाही.

अनोमाला आज पहिल्यांदा पुठ्ठ्यापुढे उभं केलं.
सात वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत,
फुंकर मधूनच निसटते.
तिसऱ्या मापात डिंक सुटला
आणि एक चिंचोका टपकन पडून
गडगडत कपाटाखाली गेला.
पोट्टे हसले.
ती थांबली नाही.
फक्त जिथे तो चिंचोका होता तिथे
बासरी ओठांवरून न काढता
एक मात्रा गप्प राहिली,
पायाचा अंगठा तेवढा हलला,
आणि पुढच्या स्वरावर गेली.

विरामाचं चिन्ह मी अजून शिकवलंच नव्हतं.
त्याच्यासाठी घरात काही मिळत नव्हतं,
आठवडाभर डबे उचकत होते.

क्लास सुटल्यावर बाबा उठले.
गुडघे वाजवत खाली बसले,
केरसुणीच्या मुठीनं चिंचोका बाहेर ओढला,
सदऱ्याला पुसला.
सदऱ्यावर काळा फराटा. आता तो निघायचा नाही.
"हा कुठचा?"
मधल्या ओळीवरचा, म्हटलं, आणि गाऊन दाखवला.
त्यांनी डोळे मिटले.
सगळी बोटं खाली, हवेतल्या हवेत.
"हा होय! ह्याले त मी हजार लग्नांत फुंकलं.
राहते कुठी, तेवढं माहीत नव्हतं."

मी डिंकाची बाटली आणायला गेले.
परत येते तो त्यांनी थुंकी लावून
चिंचोका आपला आपणच बसवलेला,
ओळीच्या जरा वर, घरात.

"बाबा, थोडा खाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
पुठ्ठ्याकडे पाहिलं,
आणि सरकवला.